अंबाडीला सलाईन

अंबाडीला कुणी वाढवत नाही, ती वाढते. तुरीच्या ओळीत चार दाणे टाकले की दसऱ्यापर्यंत तिच्याकडं ढुंकून बघायचं काम नाही. पाऊस आला तर वाढते, नाही आला तर चिडून वाढते. अशा झाडाला मी गेल्या पावसाळ्यात आजारी पाडून दाखवलं. आणि बरं करता करता पोलीस घरापर्यंत आणले.

सुरुवात जुडीपासून झाली. बाजारातल्या अंबाडीच्या जुडीत निम्मी काटकं निघतात, हे बायकोचं जुनं दुःख. "गच्चीवर एवढी जागा पडलीय, सहा बादल्यांत लावली तर काय बिघडतंय?" असं ती म्हणाली. घराला रंग दिल्यापासून वीस-वीस लिटरच्या सहा बादल्या रिकाम्या होत्याच. गावाकडून दोन पोती काळी माती आणली, जूनच्या शेवटी बी टाकलं, आणि कण्या घालून लसणाच्या फोडणीची भाजी कधी मिळते याची वाट बघत बसलो.

जुलैच्या मध्याला झाडं हातभर झाली आणि शेंड्याची पानं पिवळी पडली. सरसकट नाही. शिरा हिरव्यागार, मधली जागा पिवळी. कुणीतरी हिरव्या पेनानं पानावर परभणी जिल्ह्याचा नकाशा काढल्यासारखं. गोदावरी, पूर्णा, दुधना, सगळ्या वेगवेगळ्या दाखवता येत होत्या.

आता, आजारी झाड घेऊन राहायला परभणीइतकं वाईट गाव नाही. जगात जर्मनी, भारतात परभणी. आणि त्या परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ. त्यामुळं प्रत्येक गल्लीत एकजण तरी कृषी पदवीधर असतो आणि उरलेल्यांना वाऱ्यानं ते ज्ञान लागलेलं असतं. "युरिया टाक" हा पहिला सल्ला मला केस कापता कापता मिळाला. टाकला. खालची पानं काळपट हिरवी झाली, शेंडा होता तसाच पिवळा. झाडाचा तळमजला सुखात आणि गच्ची उपाशी.

मग कृषी सेवा केंद्रात गेलो. तिथली भाषा आकड्यांची. माझ्या पुढचा माणूस "बारा-एकसष्ट दोन" म्हणाला, त्याच्या शेजारच्यानं "शून्य-बावन्न-चौतीस आलंय का?" असं दबक्या आवाजात विचारलं. मला क्षणभर वाटलं, मटक्याच्या अड्ड्यावर आलो. नंतर कळलं की ही नत्र, स्फुरद आणि पालाशाची टक्केवारी. माझ्या नशिबी एकोणीस-एकोणीस-एकोणीस आलं, म्हणजे तिघांनाही सारखा वाटा, भांडण नको.

"केवढ्या क्षेत्राला मारायचंय?" दुकानदारानं विचारलं.

"सहा बादल्या."

त्यानं माझ्याकडं निरखून बघितलं आणि एक किलोची पुडी काढली. "यापेक्षा लहान येत नाही. ठेवा, खराब होत नाही." सोबत चिलेटेड मायक्रोन्यूट्रिएंट, ह्युमिक, पानावर पाणी पसरून चिकटावं म्हणून स्टिकर आणि एक टॉनिक. टॉनिकमध्ये काय असतं, असं विचारलं तर म्हणाला, "टॉनिक असतं." बिल झालं सातशे चाळीस. बाजारात जुडी वीस रुपयांना. सदतीस जुड्या, हा हिशेब बायकोनं तोंडी केला आणि नंतर दोन महिने तोंडातच ठेवला नाही.

पुडीवर प्रमाण होतं, लिटरला पाच ग्रॅम. घरातला वजनकाटा शंभर ग्रॅमच्या खाली बोलत नाही. चमच्यानं घ्यावं तर कोणत्या, चहाच्या की पोह्यांच्या? मी पोह्यांचा घेतला, वर शीग लावून. पाहुण्याला कमी वाढायची आपली पद्धत नाही. रविवार होता, पावसानं चार दिवस उघडीप दिलेली, दुपारचे बारा वाजलेले. पंपानं सहाही झाडं न्हाऊ-माखू घातली. सोमवारी सकाळी पानांच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या झाल्या होत्या. हात लावला तर चुरा.

शेवटी भाच्याला बोलावलं. तो कृषीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे नापास होण्याची भीती गेलेली आणि नोकरीची अजून आलेली नाही. अशा वयात माणूस फार आत्मविश्वासानं बोलतो.

"मामा, तुम्ही झाडाला जेवू नाही घातलं, मीठ चोळलं. पाणी उन्हानं उडालं, खत पानावर राहिलं." मग त्यानं पान उलटं केलं. "फवारा खालून मारायचा. छिद्रं खालच्या अंगाला जास्त असतात, आणि सकाळी उघडी असतात. भर उन्हात ती दारं लावून बसतात."

"आपल्यासारखीच की."

"आणि पानातून पोट भरत नसतं. पोट भरायचं मुळांनी. पान म्हणजे सलाईन. जे अन्न चिमूटभर लागतं, तेवढ्यापुरतं."

त्याचं निदान असं होतं: नत्र कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी पडतात, कारण झाड खालचं काढून वर पाठवतं. लोह तसं नाही. ते एका पानात बसलं की एसटीत खिडकी धरलेल्या माणसासारखं, कुणासाठी उठत नाही. म्हणून लोहाची कमी नव्या पानांवर दिसते. बरं, मातीत लोह नाही असंही नाही. पण आपल्या काळ्या मातीत चुनखडी, त्यात मी रोज घालत होतो बोअरचं जड पाणी, ज्यानं आमच्या बादलीच्या कडेला पांढरा थर धरलाय. अशा मातीत लोह असतं, पण कुलपात. मी महिनाभर कुलपावर पाणी ओतत होतो.

उपाय निघाला हिराकस, म्हणजे लोहाचाच क्षार. आजोबांच्या काळी हिरडा आणि हिराकस घालून शाई करायचे, तेच. लिटरला पाच ग्रॅम (या वेळी सोनाराकडून मोजून आणले, त्यानं पुडी बांधताना "कुणाच्या लग्नाचं?" असं विचारलं), त्यात अर्धं लिंबू आणि स्टिकरचे दोन थेंब. भाजी आठ-दहा दिवस तोडायची नाही आणि नंतर धुऊन घ्यायची, हे बायकोनं त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

सकाळी सात वाजता, पानं उलटी करकरून, अगदी शास्त्रानं फवारलं. शास्त्रात एक गोष्ट राहिली, वारा. तो पश्चिमेचा होता आणि पूर्वेला शेजारच्या काकांची दोरी होती. काका पांढऱ्याशिवाय घालत नाहीत. स्टार्चचे चार नेहरू शर्ट वाळत होते. हिराकस म्हणजे लोखंड, आणि लोखंड वाळलं की गंजतं, हे मला दुसऱ्या दिवशी काकांच्या पाठीवर वाचायला मिळालं. तांबूस ठिपके, बारीक, एकसारख्या अंतरावर. नोझल चांगलं होतं.

"कामून हो," काका कठड्यावरून म्हणाले, "पान खाऊन इकडं थुंकायलाव का?"

मी फवारणी, लोह, चुनखडी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि काकूंना हाक मारली, "ऐकलं का, अंबाडीला औषध मारायलेत म्हणे!" बांधावरच्या अंबाडीला औषध मारणारा माणूस काकांच्या सत्तर वर्षांत झालेला नव्हता. तिथंच त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला.

झाडं मात्र पेटली. आठ दिवसांत शेंडा हिरवा झाला आणि मग मुळाशी साठलेला युरिया, एकोणीस-एकोणीस, टॉनिकमध्ये असलेलं टॉनिक, सगळं एकदम अंगी लागलं. ऑगस्टच्या शेवटी अंबाडी कठड्याच्या वर दीड हात. अंबाडीचं लहानपणीचं पान साधं असतं, पण वाढली की त्याला बोटं फुटतात, पाच-पाच, सात-सात, कातरलेल्या कडांची. रस्त्यावरून ती बोटं हलताना दिसायची. काकांच्या नातवानं मोबाईलमध्ये चित्र काढलं, आमच्या गच्चीशी जुळवलं आणि घरी दाखवलं. त्यानंतर काकू आमच्याकडं विरजण मागायला येईनाशा झाल्या. दूधवाला एकदा वर बघून म्हणाला, "लई जोरात आलाय की माल."

मला काहीच कळलं नव्हतं. कळलं ते एका गुरुवारी, जेव्हा दारात हवालदार उभे राहिले. "गच्ची बघायची होती, साहेब."

जिना चढता चढता भाच्यानं माझ्या कानात सांगितलं की अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा आहे आणि गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. धीर द्यायची ही त्याची पद्धत. वर म्हणाला, "कॅनडात २०१८ पासून बहुतेक ठिकाणी घरात चार झाडं चालतात, मामा." मी बादल्या मोजल्या. सहा. म्हणजे कॅनडातसुद्धा सुटका नव्हती.

"काय झाड हाय हे?" हवालदारांनी विचारलं.

"अंबाडी" हा शब्द माझ्या ओठांवर होता. पण तिसऱ्या वर्षाला शास्त्रीय नावं पाठ असतात. भाचा छाती काढून म्हणाला, "हिबिस्कस कॅनाबिनस, सर."

"कॅनाबिस?"

"नस, सर. कॅनाबिनस. म्हणजे भांगेसारखी. पानावरून लिनियसनं ठेवलंय."

"कोण लिनियस? इथंच राहतो का?"

मी भाच्याला पाणी आणायला खाली पाठवलं. हवालदारांनी खोड धरून झाड वाकवलं आणि हात झटकन मागं घेतला. तळव्यात बारीक काटे. ते काटे काढता काढता त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "गांजाला काटे नसतात," ते स्वतःशीच म्हणाले. मग पान उन्हात धरलं. "आणि त्याची बोटं सुटी असतात, देठापासून एकेक. हे तर तळव्यासारखं जोडलेलं." एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं, पण माणूस पक्क्या कामाचा. नळाखाली पान धुतलं, तोंडात टाकलं, चावलं. एक डोळा आंबटानं मिटला.

"अंबाडीच हाय की हो!"

मग दहा मिनिटं ते कठड्याला टेकून उभे होते. त्यांच्या आईच्या हातची भाजी, ज्वारीच्या कण्या, वरून तेलाची धार. त्यांच्या क्वार्टरच्या मागं लावलेली अंबाडी शेंड्याला पिवळी पडलीय, शिरा मात्र हिरव्या. मी त्यांना पंप दाखवला, हिराकसाचा डोस सांगितला, सकाळी सातची वेळ सांगितली आणि वाऱ्याची दिशा बघा, हे तीनदा सांगितलं. बायकोनं दोन दांडगे शेंडे खुडून पेपरात गुंडाळले, सुतळी बांधली. ते "नको, नको" म्हणत होते. मी दारात, आजूबाजूला कुणी नाही बघून, पुडकं त्यांच्या गाडीच्या डिकीत सरकवलं. त्यांनी झाकण पटकन लावलं.

मान वर केली तर काका गच्चीत उभे. अंगात ठिपक्यांचा शर्ट.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं माप ओतता ओतता आवाज खाली आणला. "साहेब महिन्याला किती घेतात हो?"