घाम गाळू नका, भागाकार शिका

तुम्ही कष्टाळू आहात, हे मला मान्य आहे. तुमचं दुखणं तेच आहे.

श्रम-उत्पादकता हे काही मोठं शास्त्र नाही, चौथीतला भागाकार आहे. वर उत्पादन लिहायचं, म्हणजे बी-खत, कच्चा माल असला खर्च (मजुरी नव्हे) वजा जाता उरलेलं मूल्यवर्धन. खाली माणसं लिहायची, नाहीतर त्यांच्या कामाचे तास. वरचा आकडा पाऊस ठरवतो, लाईट ठरवते, हाताशी यंत्र आहे की खुरपं ते ठरवतं. खालचा आकडा म्हणजे आपण. वरचं काही आपल्या हातात नाही. तेव्हा देशाची उत्पादकता वाढावी अशी मनापासून तळमळ असेल, तर खालून उठून जा. आकडा आपोआप वर जाईल.

विशेषतः मराठवाड्यातल्या माणसानं तर लवकर उठावं. २०२३-२४ च्या सरकारी श्रमबल पाहणीप्रमाणे (घरोघरी जाऊन कोण कामाला आहे ते विचारतात, ती) देशातल्या कामकऱ्यांपैकी ४६.१ टक्के शेतीत आहेत, आणि देशाच्या मूल्यवर्धनात शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास. हिशोब करा: शेतीबाहेरचा एक माणूस रानातल्या माणसाच्या जवळपास चौपट पिकवतो. काय पिकवतो ते विचारू नका, उगाच वाद होतील.

अमेरिकेनं हा प्रश्न सोपा करून टाकलाय. तिथं दर तिमाहीला उत्पादकतेचा जो आकडा बातम्यांत झळकतो, तो ‘बिगरशेती व्यवसाय क्षेत्रा’चा. शेती आधीच वजा. आपल्याकडे उद्योगवार उत्पादकतेची केएलईएमएस नावाची मालिका रिझर्व्ह बँकेकडे आहे, पण ती वर्षाची. तिमाहीचा हिशोब हवा तर वर जीडीपीचे तिमाही आकडे आणि खाली श्रमबल पाहणी, असा घरीच मांडावा लागतो. २०२५ च्या जानेवारीपासून पाहणीत खेड्यांचेही तिमाही आकडे येतात. म्हणजे आता आपण देशाला किती खाली ओढतो, हे दर तीन महिन्यांनी कळण्याची सोय झाली.

शेती करायचीच असेल तर निदान तिमाही बघून करा. ऑक्टोबर ते डिसेंबर उत्तम. सोयाबीन खळ्यावर येतं, कापूस वेचला जातो, आकडा फुगतो. जुलै ते सप्टेंबर मात्र टाळा. शेतीच्या मूल्यवर्धनात वर्षातली सगळ्यात मरगळलेली तिमाही हीच. आणि नेमकं याच तीन महिन्यांत तुम्ही काय करता? कोळपता, खुरपता, पाठीवर पंप घेऊन फवारता, गुडघाभर चिखलात खत फेकता. माल हातात काहीच नाही आणि घरातली झाडून सगळी माणसं रानात! वर जवळपास शून्य, खाली अख्खं खानदान. असा भागाकार कुणी करतं का? जूनमध्ये पेरून सरळ पंढरपूरला निघा आणि दिवाळीच्या तोंडावर काढणीलाच परत या. तण समजून घेईल.

भाव पडला तर मात्र अजिबात घाबरू नका. वाढ ‘स्थिर किमतीं’ना मोजतात, वर्षानुवर्षं ती २०११-१२ च्या किमतींना मोजली गेली. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात अडत्या चार हजाराच्या आसपास बोलत होता, वर ओल किती ते दातानं फोडून बघत होता. गेल्या सालापेक्षा दोन पोती जास्त झाली असतील, तर तुमची उत्पादकता वाढली, अभिनंदन. खिशात कमी आले असतील, तर ती तुमची खाजगी बाब आहे.

आता खाली कोण मोजलं जातं, ते नीट समजून घ्या, कारण खरी मेख तिथं आहे. २०२५ च्या ऑगस्टात आमच्या घरी पाहणीचा पोरगा आला. अंबाजोगाईकडचं आमचं गाव. हातात टॅब, पायात चिखलानं माखलेले बूट, स्वतः कंत्राटावर. काकू ओसरीवर गवारीच्या शेंगा मोडत बसलेली. त्यानं विचारलं, “काकू, गेल्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी, एक तास तरी काम केलं का?”

काकूनं त्याच्याकडं असं बघितलं, की याला भाकरी द्यावी का दवाखान्यात न्यावं.

“एक तास? आन् बाकीचं काय तुही माय यायलीय का करायला?”

पोरगं हसलं, बिचाऱ्याला हे रोजचंच असावं. पण त्याचा प्रश्न नियमाला धरून होता. त्या सात दिवसांत एका दिवशी एक तास काम केलं, तरी माणूस कामाला असलेल्यांत जमा. घरच्या रानात बिनपगारी राबलं तरी जमा. काकू त्यामुळे कामगार ठरली, बिनपगारी.

वहिनीचं मात्र वेगळं झालं. ती पहाटे हापशावरून पाणी आणते, आठ माणसांच्या भाकरी थापते, धुणं-भांडी, लेकरांची शाळा, दुपारी बांधावरून सरपण, येताना ओट्यात पाथरीची भाजी. तिची नोंद ९३. नुसतं घरकाम असेल तर ९२, घरकामासोबत सरपण, चारा, भाजीपाला असं फुकट गोळा करणं असेल तर ९३. हे दोन्ही श्रमबळाच्या बाहेरचे क्रमांक. हिशोबात बघा, वहिनीच या घराची देशभक्त. दिवसभर राबते आणि भाजकात कुठंही सापडत नाही.

तेव्हा सल्ला असा, की घरातल्या बायका रानात जात असतील तर सर्व्हेवाल्याला सांगू नका. ग्रामीण बायकांचा श्रमबळातला सहभाग २०१७-१८ मध्ये २४.६ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४७.६ वर गेला. एवढ्या बायका सहा वर्षांत कामाला लागल्या? त्याआधी काय झोपून होत्या? राबत होत्या तेव्हाही, फक्त मोजल्या कमी जात होत्या, आणि आपली सरासरी बरी दिसत होती. मोजल्या नि बिघडलं.

२०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं बोलणं गाजलं. मी काकूचा हिशोब मांडून बघितला. पहाटे चारपासून रात्री नऊपर्यंत, सातही दिवस, म्हणजे ११९. तिला ९० चा आकडा सांगितला तर तिनं शांतपणे विचारलं, “मग उरलेलं एकुणतीस तास काय करतेत ते लोक?” तास हे भागाकारात खाली असतात, हे त्या मोठ्या माणसांना कुणी सांगितलं नसावं.

एक शंका मलाही आहे. रात्रपाळीची लाईट येणार म्हणून काका मोटारीजवळ गोधडी घेऊन पडतात. अकराला यायची ती दोनला येते, मग स्टार्टर ओढायचा, दार धरायचं, वाफा भरला की दुसरीकडं पाणी फिरवायचं. डीपी जळाली तर आठ दिवस नुसती वाट. ही वाट बघणं तासांत धरायचं का? मला वाटतं धरू नका. देशाला परवडणार नाही.

भाजक कसा आवळावा हे शिकायला मात्र परदेशात जायची गरज नाही. बीडच्या मुकादमाला ते दोन पिढ्यांपासून येतं. दसरा झाला की टोळ्या ऊसतोडीला निघतात. त्याआधी उचल घेताना हिशोब कसा, तर नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसं दोन, आकडा एक. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. हे अर्धं-पाऊण बोलणं इतकं अंगवळणी पडलंय की “यंदा किती कोयते गेले?” असं विचारतात, किती माणसं गेली असं कुणी विचारत नाही. पहाटे थंडीत फडात शिरायचं, पाचट काढायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. दिवसाला दीड-दोन टन एका कोयत्यामागं. जगातल्या कुठल्या सांख्यिकी कार्यालयाला एका फटक्यात भाजक असा निम्म्यावर आणता आला? शिवाय फड सांगली-कोल्हापुरात नाहीतर बेळगावकडं, म्हणजे उसाचं उत्पादन तिकडच्या जिल्ह्याच्या खात्यावर. आपल्या वाट्याला म्हातारी माणसं आणि दारांची कुलपं.

इथं एक सल्ला मी देणार नाही. खाडा पडला की पैसे वळते होतात, आणि पाळी म्हणजे दर महिन्याचे खाडे. त्यावरचा उपाय कुणीतरी आधीच सुचवून ठेवला होता. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढलेल्या ऊसतोड बायकांची चौकशी सरकारला करावी लागली. उत्पादकतेच्या तक्त्यात याला रकाना नाही.

असो. शेती सोडायची तर जायचं कुठं? वाळूजला कंपनीत लागलात तर छानच, फक्त कँटीनमध्ये लागा. कँटीन, गेटवरचा वॉचमन, कामगारांच्या बसा हे सगळं ठेकेदाराकडं दिलं की ती माणसं सेवा क्षेत्रात जमा होतात. कारखान्याची उत्पादकता वाढते, वरण तेवढंच पातळ राहतं.

त्याहून सोपं म्हणजे घर बांधा. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशोबात तुम्ही स्वतःच्या घरात राहता, म्हणजे जणू स्वतःलाच भाडं देता, असं धरून ती रक्कम मूल्यवर्धनात घेतात. त्यात कामगार एकही नाही. भिंत उभी आहे, उत्पादन चालू आहे. लातुरात रिंगरोडला तीन मजली बांधलेलं घर आमच्या सहा एकरापेक्षा जास्त पिकवत असेल, आणि त्याला रानडुकराचा त्रास नाही.

पण सगळ्यात भरवशाचं क्षेत्र म्हणजे सरकारी कचेरी. तिथल्या कामाला बाजारभाव नाही, म्हणून मुख्यतः पगार हेच उत्पादन धरतात. पगार वाढला की उत्पादन वाढलं, खाली माणसं तेवढीच. सातव्या वेतन आयोगानं असा चमत्कार करून दाखवला, आता आठवा वाटेत आहे. माझा एक फेरफार अशाच एका कचेरीत आठ महिने ‘प्रक्रियेत’ होता. प्रत्येक खेपेला मी एक दिवस मोडून, एसटीनं जाऊन, बाहेर दोन चहा पिऊन परत यायचो. मला तेव्हा वाटायचं की आत काहीच होत नाही. उलट होतं. आत उत्पादन होत होतं, दिवस मोडून उत्पादकता घालवणारा मी होतो.

नोकरी लागत नसेल तर एमपीएससी करा. छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासिकेत सहा-सहा वर्षं खुर्ची धरून बसलेली पोरं बघून लोक नाकं मुरडतात. त्यांना कळत नाही, की हा पोरगा कामाला नाही म्हणजे भागाकारात नाही. बापाचं सोयाबीन त्याच्या फीत जातं एवढंच, पण सरासरीला त्याचा धक्का लागत नाही.

घाऊकमध्ये हे कसं जमतं ते अमेरिकेनं २०२० च्या दुसऱ्या तिमाहीत दाखवलं. उत्पादन धाडकन कोसळलं, पण कामाचे तास त्याहून जास्त कोसळले. हॉटेलातले, दुकानातले कमी पगाराचे लोक घरी बसले. उत्पादकता वाढली! आम्ही मात्र शहाणपणा केला. लॉकडाऊनमध्ये पुण्या-मुंबईहून मिळेल त्या वाहनानं, नाही मिळालं तर चालत, गावाकडं आलो. शेतीतल्या माणसांचा देशभरातला वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, तो २०२०-२१ मध्ये ४६.५ वर गेला. आमच्या सहा एकरात चौघं होतो, सात झालो. सोयाबीन तेवढंच निघालं. काकांना भागाकार सांगायची माझी हिंमत झाली नाही, कारण त्या सातांत एक मीही होतो.

पाहणीचा पोरगा सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा आला. एकाच घरी चार महिने लागोपाठ यायचं, असं त्याचं काम. पण तोवर मराठवाड्यात पाऊस कोसळून गेला होता. ओढ्याकडच्या चार एकरात कमरेएवढं पाणी थांबलेलं, सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटलेले, आणि बांधाच्या खालच्या अंगाला माती वाहून जाऊन खडक उघडा पडलेला. काका ओट्यावर ओले हात मांडीवर ठेवून बसले होते. आठवडाभर दोघा-तिघांनी चर खणून पाणी काढायची खटपट केली होती. वरून पुन्हा भरत होतं.

पोरानं बूट काढले, टॅब पुसला. त्याचा आवाज जरा खाली आला होता.

“काका, गेल्या सात दिवसांत, एक तास तरी...”

“केलं,” काका म्हणाले.

“काय काम?”

“पाणी उपसलं.”

त्यानं थोडा वेळ टॅबमध्ये पाणी उपसण्याचा पर्याय शोधला. मग ‘शेती’ दाबलं, ‘स्वयंरोजगार’ दाबलं, आणि तास विचारले. काकू आतून म्हणाली, “सत्तर लिव्ह. कमी नगं पडायला.”