हप्ता, मोहोर आणि प्राणायाम

21 जून आला की दापोलीकडच्या आमच्या गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद पेटतो. एक बाजू शाळेच्या पटांगणातले फोटो टाकून म्हणते, सगळं जग आपला योग करतंय. दुसरी विचारते, अवकाळीने मोहोर गेला, बँकेचा हप्ता थकला, त्याला प्राणायाम काय करणार? जर्मनीत बसून वाचताना मला दुसरी बाजू जास्त पटते. पण ती अर्ध्यावर थांबते.

इथे योगाचा गाजावाजा कमी, नेम जास्त. ताण कमी करणाऱ्या मान्यताप्राप्त वर्गांना, अगदी हठयोगालाही, आरोग्य विम्याचा आधार आहे. दर आठवड्याला नेमाने हजेरी लावली तर फीचा बराचसा भाग परत मिळतो. माझ्या वर्गात रात्रपाळी करून आलेल्या नर्स असतात. शिक्षिका त्यांच्याकडून एकच गोष्ट घोटून घेते: श्वास घ्यायला लागतो त्याहून जास्त वेळ सोडायला द्या. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. खांदे खाली येताना समोर दिसतात.

तास संपला, चटई गुंडाळली, की ज्याची वाट त्याला. शेजारच्याचं नावही ठाऊक नसतं. पतंजलींनी श्वासाच्या उपायाआधी मैत्री आणि करुणा सांगितली आहे, ती इथे गळून पडते. आपल्याकडे तीच आयती आहे. जून 2020 मध्ये निसर्ग वादळाने माड-पोफळी आडव्या केल्या, तेव्हा वाडीतली माणसं एकमेकांच्या घरांवर कौलं चढवत होती. पण झोप लागत नाही, छातीत धडधडतं, हे कुणी कुणाला बोललं नाही. माझा दादाही फोनवर 'बरं आहे' एवढंच म्हणायचा.

भरपाई मिळायलाच हवी. बागायतदाराचं नुकसान त्याच्या श्वासावर ढकलणं मला अन्यायाचं वाटतं. पण पैसे हातात पडेपर्यंतच्या रात्री त्यालाच काढायच्या असतात ना?

म्हणून मला पटांगणावरच्या एका सकाळीपेक्षा देवळातली संध्याकाळ महत्त्वाची वाटते. 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, हर्णै बंदरात होड्या शाकारलेल्या असतात. खलाशी घरी असतो आणि डोक्यात उसनवारी. बायका दिवसभर लावणीला वाकलेल्या, त्यांना पहाटे आसनांना बोलावण्यात काय अर्थ? भजनाला मंडळी जमतातच. त्याआधी वीस मिनिटं पाठ टेकून बसावं, श्वास लांबवावा आणि मग हप्त्याचंही मोकळेपणी बोलावं. जो फारच खचलाय त्याला आसनं सांगत बसू नये. डॉक्टरकडे न्यावं, निदान टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावून द्यावा.

शिकवणारं माणूसही शोधावं लागणार नाही. आयुष्मान आरोग्य मंदिर झालेल्या सरकारी आरोग्य उपकेंद्रांच्या कामात योगवर्ग धरलेलेच आहेत. ते संध्याकाळी देवळात घ्या, एवढी मागणी येत्या ग्रामसभेत लेखी द्यावी. अर्जाचा मसुदा मी ग्रुपवर टाकतोय.