माझ्या आईचं ताट आणि हॉटेलमालकाचा कॅमेरा

सकाळपासून डोकं फिरलंय माझं. ऑफिसला निघायच्या घाईत फोन वाजला, तुमच्या रिव्ह्यूला हॉटेलच्या मालकांनी उत्तर दिलंय म्हणून. जिना उतरता उतरता उघडलं आणि तिथेच थांबले. त्यातलं एक वाक्य जसंच्या तसं इथे देते: 'आपल्या मातोश्रींनी संपूर्ण ताट संपवलेले आमच्या सीसीटीव्हीमध्ये स्पष्ट दिसत आहे, त्यामुळे आपली तक्रार खोडसाळ आहे.'

म्हणजे या गृहस्थाने बसून माझ्या आईचं जेवण कॅमेऱ्यात पाहिलं. घास मोजले. आणि ते जगासमोर पुरावा म्हणून मांडलं.

आता काय झालं ते सांगते, कारण मला फोन करून विचारणाऱ्या प्रत्येकीला वेगवेगळं सांगून दमले आहे. आईचं आजारपण तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. कितीतरी महिने ती घरचंच, बिनतिखटाचं, पथ्याचं खात होती. डॉक्टरांनी बाहेर खायला हरकत नाही म्हटल्यावर तिनेच म्हटलं, एकदा मला छान हॉटेलात घेऊन चला. कपाटातली चांगली साडी काढून नेसली. भावाने मुद्दाम सुट्टी टाकली. मी आधी फोन करून टेबल राखून ठेवलं.

सुरुवातीला आलेलं सूप चांगलं होतं. हे मी रिव्ह्यूतही लिहिलंय, पहिल्याच ओळीत. जागा स्वच्छ होती, तेही लिहिलंय. पण मुख्य जेवण यायला इतका वेळ लागला की आईने मध्ये मान मागे टेकून डोळे मिटले. आणि आलं तेव्हा भात कडेने गरम आणि मधोमध गार. नुसता कोमट नव्हे, फ्रीजमधून काढल्यासारखा गार, गोळा झालेला. भाजीवर तेल वेगळं तरंगत होतं. मी त्या वेटरला हळूच सांगितलं, दादा, हा भात आतून गार आहे, बदलून द्याल का? त्याचा चेहरा पडला. 'सॉरी मावशी' असं तो माझ्याकडे न बघता आईला म्हणाला आणि ताट उचलून धावत आत गेला. परत आला तेव्हा ताटाला हात लावायची सोय नव्हती इतकं ते तापलेलं, आणि भात मधोमध अजूनही गारच! आत काय झालं असेल ते स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही कळेल. तेच ताट पुन्हा मशीनमध्ये फिरवलं होतं.

आईने माझा हात दाबला. म्हणाली, 'असू दे गं. तो पोरगा किती धावतोय बघ.' आणि ती जेवली. मी नको नको म्हणत असताना जेवली, सगळं संपवलं.

तुमच्याही घरात असं माणूस आहे, मला ठाऊक आहे. ताटात काही टाकायचं नाही, वाढणाऱ्याला वाईट वाटेल असं वागायचं नाही, हे ज्यांच्या हाडात मुरलंय. माझी आई त्या दिवशी अन्न आवडलं म्हणून जेवली नाही. तिने त्या पोराची लाज राखली. आणि त्याच रिकाम्या ताटाचा दाखला देऊन मालक मला खोटं ठरवतो आहे.

बिल देताना हे महाशय स्वतः गल्ल्यावर होते. 'कसं होतं जेवण?' असं त्यांनीच विचारलं. मी शांतपणे खरं सांगितलं. आवाज चढवला नाही, बिल कमी करा म्हटलं नाही, पैसे पूर्ण दिले. त्यावर उत्तर काय? 'मॅडम, आज दिवसभरात कुणीच काही बोललं नाही.' आणि मग, 'घरचं काही खास होतं का? आधी सांगायचं होतं ना, स्पेशल लक्ष दिलं असतं.'

या वाक्याचा मला त्या क्षणी जेवढा राग आला नाही तेवढा आता लिहिताना येतोय. स्पेशल लक्ष? म्हणजे जो सांगत नाही त्याच्या ताटाकडे लक्ष द्यायचंच नाही, असा नियम आहे का? मिशेलिन ही टायर बनवणारी कंपनी. तिने १९०० साली गाडीवाल्यांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका काढली आणि १९२६ पासून त्यात चांगल्या हॉटेलांना तारे द्यायला सुरुवात केली. त्यांचे परीक्षक आजही ओळख न सांगता येतात, साध्या गिऱ्हाइकासारखे जेवतात आणि बिल भरून निघून जातात. कारण उघड आहे. परीक्षक आलाय म्हटल्यावर कोणीही चांगलंच वाढेल. ज्याला कोणी ओळखत नाही, ज्याची कुठे पोच नाही, त्याच्या पुढ्यात जे येतं तेच त्या हॉटेलचं खरं जेवण. माझ्या आईच्या पुढ्यात जे आलं ते तुमचं खरं जेवण होतं, साहेब.

त्या रात्री मी रिव्ह्यू लिहिला. दोन तारे दिले. एकही अपशब्द नाही. सूप चांगलं, जागा स्वच्छ, वेटर अतिशय नम्र, पण मुख्य जेवण उशिरा आणि आतून गार आलं, बदलून मागितलं तर तेच पुन्हा तापवून दिलं. एवढंच. जे घडलं ते.

दुसऱ्या दिवशी मला फोन. टेबल राखताना दिलेला नंबर त्यांनी यासाठी वापरला. आधी गोड आवाज. 'तेवढा रिव्ह्यू काढून टाका, पुढच्या वेळी जेवण आमच्याकडून.' मी म्हटलं, मला फुकटचं जेवण नको, भात का गार आला ते सांगा. त्यावर पुन्हा तेच, काढून टाका ना मॅडम, तुमचं काय जातंय. मी नाही म्हटलं. संध्याकाळपर्यंत त्यांच्या पानावर पाच ताऱ्यांची रांग लागली, 'अप्रतिम चव', 'नंबर वन सेवा', सगळे एकाच साच्यातले. आणि आज सकाळी हे उत्तर. मी म्हणे दुसऱ्या हॉटेलवाल्याची माणूस आहे. मी म्हणे फुकट जेवण मागितलं! फोनवर जे त्यांनी देऊ केलं आणि मी नाकारलं, तेच माझ्या नावावर खपवलं. आणि वर ते आईचं ताट.

कॅमेरा गल्ल्यावर चोरी होऊ नये म्हणून असतो, भांडण झालं तर पोलिसांना दाखवायला असतो. ते मला मान्य आहे. आजारातून उठलेल्या बाईने किती खाल्लं हे चारचौघांत सांगायला तो लावलेला नसतो. तुमच्या दारात विश्वासाने आलेलं माणूस आहे ते. त्याच्यावर असा डोळा ठेवायचा?

मैत्रीण म्हणाली, अगं त्यांच्या पोटावर येतं, म्हणून चिडतात. बरं, येतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लुका यांनी २०११ साली सिअॅटल शहरातल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास मांडला होता. येल्प या साइटवर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यात निघालं. आणि हा परिणाम एकट्यादुकट्या मालकाच्या हॉटेलांवर होता, मोठ्या साखळीवाल्यांवर नाही. म्हणजे या माणसाची भीती खोटी नाही, एवढं मी मानते. रिव्ह्यूची धमकी देऊन फुकट खाणारे लोकही असतात, गाडी लावायला जागा मिळाली नाही म्हणून एक तारा देणारेही असतात. असतात. पण त्यांचा राग माझ्या आईवर का काढायचा?

आणि ज्यांना हे सगळं 'थोडं गार झालं तर काय बिघडलं' असं वाटतंय त्यांच्यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं साधं आहे. शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका. वाढेपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम ठेवा, नाहीतर लवकर थंड करून ५ अंशांखाली ठेवा. यांच्या मधलं जे तापमान आहे त्यात जंतू झपाट्याने वाढतात. भाताच्या बाबतीत तर बॅसिलस सेरिअस नावाचा जंतू आहे. त्याची बीजं शिजवूनही मरत नाहीत. भात तसाच बाहेर राहिला की ती वाढतात, आणि त्यांच्यामुळे जे विष तयार होतं ते नंतर कितीही तापवलं तरी जात नाही. म्हणून तेच ताट पुन्हा फिरवून आणणं हा उपाय नव्हे. त्या भाताचं नेमकं काय झालं होतं ते मला कळायला मार्ग नाही, पण मी विचारलं तेव्हा तुम्हाला तरी ते माहीत असायला हवं होतं. नसेल तर आत जाऊन बघायला हवं होतं. तुम्ही गेलात कुठे, तर कॅमेऱ्याच्या स्क्रीनसमोर.

आईला काही झालं नाही. पुढचे दोन दिवस मी तिच्या कपाळाला हात लावून बघत होते, तेवढंच.

खरं सांगू का, मला त्या माणसाचं वाईटही वाटतं. हॉटेल चालवणं किती अवघड असतं ते दिसतंच की. पहाटे बाजार, मग दिवसभर उभं राहायचं, आचारी न सांगता काम सोडून जातो, एखाद्या रात्री सगळी टेबलं एकदम भरतात आणि आत दोनच माणसं असतात. त्या रात्रीही तसंच काही झालं असेल. मी समजून घेतलं असतं. 'मॅडम, त्या दिवशी आमचा आचारी नव्हता, भात आधीचा होता, चूक झाली, आईंची माफी मागतो.' एवढं लिहिलं असतं ना, तर मी दोनाचे चार तारे केले असते आणि आईला घेऊन परत गेले असते. आई तर नक्की गेली असती. ती तिथून निघताना म्हणत होती, सूप छान होतं हं, पुन्हा येऊ.

जो बोलतो तो परत यायची इच्छा असलेला असतो, हे कसं कळत नाही? त्या रात्री आमच्या पलीकडच्या टेबलावरच्या जोडप्याने अर्धं जेवण तसंच ठेवलं होतं. त्यांनी एक अक्षर काढलं नाही. वेटरला 'छान होतं' म्हणाले, पैसे ठेवले आणि गेले. ते आता कधी दिसणार नाहीत, आणि त्यांच्या नावाने मालकाने कुठे उत्तरही लिहिलेलं नाही. त्यांची ताटं नाही दिसली का कॅमेऱ्यात? अर्धी भरलेली होती ती.

आता कृपा करून खाली हॉटेलचं नाव विचारू नका. काही जणांनी आधीच मेसेज केलेत, नाव सांग, सगळे मिळून एकेक तारा देऊ. तुमचं प्रेम समजतं, पण नको. जे तिथे जेवले नाहीत त्यांनी लिहायचं नाही. नाहीतर त्या पाच ताऱ्यांच्या रांगेत आणि आपल्यात फरक काय राहिला?

आणि ज्यांना वाटतंय मी एवढं मनावर का घेतेय, त्यांना एक गोष्ट सांगायची राहिली. मालकाच्या उत्तराची शेवटची ओळ मी वर दिली नाही, कारण ती वाचल्यापासून मला धड जेवण गेलेलं नाही. 'संबंधित वेटरला कडक समज देण्यात आली आहे.'

त्या पोराला! आत गार भात त्याने भरला होता का? तेच ताट पुन्हा मशीनमध्ये टाका असं त्याने ठरवलं होतं का? तो एकटाच त्या संपूर्ण हॉटेलात सॉरी म्हणाला. मी रिव्ह्यूत त्याचं कौतुक केलंय, स्पष्ट शब्दांत, आणि तरी समज त्यालाच. जेवण बनवणाऱ्याला नाही, गल्ल्यावरच्याला नाही.

आईला हे मी अजून सांगितलेलं नाही. कॅमेऱ्याचं सांगितलं तर ती म्हणेल जाऊ दे. पण ज्याच्यासाठी तिने तो भात गिळला, त्यालाच बोलणी बसली हे कळलं तर तिला लागेल.

मघाशी त्या मालकांना मी पुन्हा लिहिलं आहे. रिव्ह्यू काढणार नाही, तारे तेवढेच राहतील. माफी मागायची गरज नाही, निदान माझी तरी नाही. आईबद्दलचं ते वाक्य तेवढं काढा. आणि त्या मुलाला बोलावून सांगा की तुझी काही चूक नव्हती. त्याच्या पगारातून काही कापलं असेल तर ते त्याला परत द्या. मेसेज पोचल्याचं दिसतंय, वाचल्याचं अजून दिसत नाही.