दोर कापण्याआधी गड चढावा लागतो

महिनाभरापासून आमच्या नागपूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. मला एकट्याला तो सात जणांनी पाठवला. मजकूर साधारण असा: 'तयारी झाल्यावर धंदा करू म्हणणारा कधीच करत नाही. नोकरी सोडा. सूर्याजी मालुसऱ्यांसारखे परतीचे दोर कापा. धीरूभाईंकडे काय होतं? भांडवल सरकार देतं. मनात आग असेल तर गिऱ्हाईक आपोआप येतं. मराठी माणूस घाबरतो, म्हणून मागे राहतो.'

मी तो वाचून सोडून दिला असता. पण मिहान या नागपूरच्या औद्योगिक भागात नोकरी करणारा माझा भाचा मध्यंतरी घरी आला आणि चपला काढता काढता म्हणाला, "मामा, मी राजीनामा देऊन राहिलो. तर्री-पोह्याचं दुकान टाकतो." "काऊन बाप्पा, एवढी घाई काय झाली?" तर त्याने मोबाइल पुढे केला. तोच मेसेज. त्याच्या घरी पगार एकच आहे. म्हणून त्यातल्या एकेका वाक्याला उत्तर देतो आहे. मी चौदा वर्षं कूलर बनवून विकतो. धंदा करू नका असं मी कोणालाच सांगणार नाही.

'तयारी कधीच पूर्ण होत नाही.' हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असल्यामुळेच माणूस त्यात फसतो. सगळं शिकून कोणी दुकान उघडत नाही, मान्य. पण काही गोष्टी आधी कळल्याच पाहिजेत, आणि त्या घरबसल्या कळत नाहीत. हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनची नोकरी करताना मी दोन उन्हाळे संध्याकाळी आणि रविवारी अंगणात कूलर बनवले. पहिल्या वर्षी अकरा विकले, सगळे नातलग आणि शेजारी. तो आकडा मी धरतच नाही, कारण साळा कूलर घेतो तो आपल्याकडे बघून घेतो. दुसऱ्या वर्षी अडतीस गेले, त्यातले तेवीस अशा लोकांनी नेले ज्यांना मी ओळखत नव्हतो. त्याच वर्षी मे महिन्यात एक बाई ऑटोत कूलर घालून परत घेऊन आल्या. टाकीच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं, त्यांच्या हॉलभर पसरलं होतं. मी पैसे वाचवायला चोवीसच्या जागी सव्वीस गेजचा, म्हणजे पातळ, पत्रा लावला होता. बोअरच्या खाऱ्या पाण्याने स्पॉट वेल्डिंगच्या जागी तो एका महिन्यात गंजला. तसे नऊ कूलर गावात होते. नऊही घरी जाऊन टाक्या बदलून दिल्या. तेव्हा पगार चालू होता म्हणून ते जमलं. दुकान उघडल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात हे झालं असतं तर दुकान तिथेच संपलं असतं.

'परतीचे दोर कापा.' या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण त्यात आपलाच इतिहास उलटा सांगितला आहे. कोंढाणा हा १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी स्वतः सोडलेल्या २३ किल्ल्यांपैकी एक. तेव्हा १२ किल्ले हाती ठेवून ते मागे सरले. गड परत घ्यायला तानाजी गेले ते १६७० च्या फेब्रुवारीत, म्हणजे साडेचार वर्षांहून जास्त काळाने. मावळे रात्री दोर लावून कडा चढले. वर लढाई लागली, तानाजी पडले, मावळ्यांचा धीर सुटून ते मागे फिरायला लागले, तेव्हा सूर्याजींनी दोर कापले असं आपण लहानपणापासून ऐकतो. दोर कापले ते वर पोचल्यावर, हातात तलवार असताना. कड्याच्या पायथ्याशीच कापले असते तर एक माणूस वर गेला नसता. मला वर चढवणारा दोर माझा पगार होता. तो मी दोन उन्हाळे धरून ठेवला आणि गिऱ्हाइकांची वही भरल्यावर सोडला.

धीरूभाईंचं उदाहरण तर उलट साक्ष देतं. ते सतरा-अठराव्या वर्षी एडनला गेले आणि तिथे एका व्यापारी कंपनीत अनेक वर्षं नोकरी केली. १९५८ साली परत येऊन मशीद बंदरला छोट्या जागेत त्यांनी व्यापार मांडला, तेव्हा माल कुठून येतो आणि कुठे जातो हे ते दुसऱ्याच्या पैशावर शिकलेले होते. आपल्याकडचंच उदाहरण हवं तर लक्ष्मणराव किर्लोस्कर घ्या. मुंबईत शिकवण्याची नोकरी करता करता ते सायकली घेऊन बेळगावला भावाकडे पाठवायचे आणि भाऊ विकायचा. त्यांच्या कारखान्याची वसाहत, किर्लोस्करवाडी, उभी राहिली १९१० साली, कितीतरी नंतर.

'भांडवल सरकार देतं.' इथे जरा थांबतो, कारण यात पोरांचं खरं नुकसान होतं. मुद्रा योजना २०१५ पासून आहे आणि चांगली आहे, तारणही मागत नाहीत. पण ते कर्ज आहे, हप्ता पुढच्याच महिन्यापासून मागे लागू शकतो. पीएमईजीपी या केंद्र सरकारच्या स्वयंरोजगार योजनेत अनुदान मिळतं, शहरातल्या सर्वसाधारण गटाला प्रकल्पाच्या १५ टक्के. पण १० टक्के आपल्या खिशातून घालावे लागतात, कर्ज मंजूर करायचं की नाही हे बँक ठरवते, आणि अनुदानाची रक्कम तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून अडकून राहते. धंदा चालू राहिला तर ती कर्जात वळती होते. पहिल्या पावसाळ्यात भाडं द्यायला त्यातला एक रुपया कामाचा नाही.

आणि भाडं बारा महिने द्यायचं असतं. आमच्या धंद्यात होळी झाली की गिऱ्हाईक सुरू होतं, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, उसंत मिळत नाही, आणि मृगाचा पाऊस पडला की माशा मारत बसायचं. समजा दुकानाचं भाडं महिना १२,००० रुपये. वर्षाचे झाले १,४४,०००. एका कूलरमागे मालाचा खर्च जाऊन १,२०० सुटत असतील तर नुसत्या भाड्यासाठी १२० कूलर विकावे लागतात, तेही साडेतीन महिन्यांत. वीज, पोरगा ठेवला तर त्याचा पगार, घरखर्च हे सगळं एकशे एकविसाव्या कूलरपासून. एप्रिलमध्ये आठ दिवस अवकाळी लागून राहिला तर हा हिशोब कोलमडतो. मी भाच्याला हेच लिहायला लावलं: एका प्लेटमागे काय सुटतं, रोज किती प्लेटा गेल्या तर भाडं निघतं, आणि धंद्याने काहीच दिलं नाही तर घर किती महिने चालेल. तिसरा आकडा त्याने 'दोन' लिहिला. बारा होईपर्यंत राजीनामा द्यायचा नाही, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं.

'मनात आग असेल तर गिऱ्हाईक येतं.' किर्लोस्करांचा लोखंडी नांगर चांगलाच होता, तरी लोखंडाने जमीन नासते या समजापायी सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सांगतात. आणि गिऱ्हाईक आलं म्हणजे पैसे आले असंही नाही. एका कार्यालयाला मी चौदा कूलर दिले. बिलाचे पैसे सात महिन्यांनी आले, आणि तोवर पत्रेवाल्याला मी तोंड चुकवत होतो. कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवसांत. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती ऑनलाइन आणि फुकट होते. माझ्याकडे तेव्हा ती नव्हती, कारण मला कोणी सांगितलंच नव्हतं. असल्या गोष्टी पोरांपर्यंत पोचल्या तर त्यांचं भलं होईल.

राहिलं 'मराठी माणूस घाबरतो'. ज्याच्या आईच्या शुगरच्या गोळ्या पगारातून येतात, ज्याचा आरोग्य विमा कंपनीच्या ग्रुपमधला आहे आणि नोकरीबरोबर जाणार आहे, त्याने राजीनाम्याआधी चार रात्री जागून काढल्या तर त्याला भित्रा म्हणू नका. त्याने आधी स्वतःचा विमा काढावा. घराचं कर्ज घ्यायचं असेल तर पगाराची स्लिप हातात असताना घ्यावं, नव्या धंदेवाल्याकडे बँका दोन-तीन वर्षांची रिटर्नं मागतात. आणि बायकोला पूर्ण आकडे दाखवावेत. माझ्या बायकोने ते पाहून दुकानाची जागा बर्डीच्या मुख्य बाजाराऐवजी मानेवाड्याला घ्यायला लावली. भाडं निम्म्याने कमी झालं.

भाच्याने राजीनामा अजून दिलेला नाही. माझ्या ओळखीच्या एकाची पोह्यांची गाडी आहे, तिथे तो दर रविवारी पहाटे पाचला जाऊन उभा राहतो, पैसे घेत नाही. पोहे भिजवायचे किती, तर्री पातळ कधी होते, चणे रात्रीच का भिजवावे लागतात, हे शिकतो आहे. पहिल्या रविवारी मिरची कापून डोळा चोळला म्हणून फोन केला होता. परवा त्याचा चौथा रविवार होता. साडेदहाला फोन आला.

"मामा, आज पाऊस आला. दहा किलोतले तीन किलो उरले. याचं काय करायचं असते?"

"त्याच्या गाडीवर काय करतात ते बघ," मी म्हटलं. "आणि वहीत लिही, तारीख घालून."