सगळ्या वर्दीचं म्हणे एकच मत

फॅमिली ग्रुपवर एकाच आठवड्यात तीनदा आलेला फॉरवर्ड थोडक्यात असा: ‘९/११ नंतर अमेरिकेत पॅट्रियट ॲक्ट आला. तिथल्या सगळ्या पोलीस युनियन एकमुखाने त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या. म्हणूनच २००४ च्या निवडणुकीत पोलिसांनी बुश यांना साथ दिली. केरींचा पक्ष मात्र कायद्याला आणि होमलँड सिक्युरिटी या अंतर्गत सुरक्षेच्या खात्याला आडवा गेला. आपल्याकडचे कधी शिकणार?’

पहिलं वाक्य बरोबर आहे. या दहशतवादविरोधी कायद्यावर २६ ऑक्टोबर २००१ ला सही झाली. आणि केरी म्हणजे जॉन केरी, २००४ मध्ये बुश यांच्याविरुद्ध उभे असलेले डेमोक्रॅट पक्षाचे उमेदवार. पुढचं एकेक घेऊ.

‘सगळ्या युनियन.’ सगळ्यात मोठी संघटना म्हणजे फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलीस, सभासद तीन लाखांच्या वर. ती २००४ मध्ये बुश यांच्याबरोबर होती आणि पॅट्रियट ॲक्टच्या बाजूचीही होती, हे मान्य. पण नॅशनल असोसिएशन ऑफ पोलीस ऑर्गनायझेशन्सने पाठिंबा दिला केरींना. एएफएल-सीआयओ या कामगार महासंघातली इंटरनॅशनल युनियन ऑफ पोलीस असोसिएशन्सही केरींकडेच. आणि बुश यांच्यामागे उभी राहिलेली ती मोठी संघटना १९९६ मध्ये डेमोक्रॅट क्लिंटन यांच्यामागे होती. एकमुख कुठलं म्हणायचं?

‘म्हणूनच.’ खरी गोम या एका शब्दात आहे. कायद्याचं कलम २१५ बघा. एफबीआयने गुप्त न्यायालयाकडून आदेश आणायचा आणि कुणाचेही व्यावसायिक कागदपत्र मागवायचे. चौकात उभ्या असलेल्या शिपायाच्या हातात त्यातलं काहीच येत नाही. कलम २१३ म्हणजे घरमालकाला आधी न कळवता झडती. २००८ च्या वर्षातल्या अशा ७६३ अर्जांपैकी दहशतवादाशी संबंध होता फक्त तीन अर्जांचा; बहुतेक अर्ज अमली पदार्थांच्या प्रकरणांतले. युनियन नावाची चीज चालते ती पगारावर, ओव्हरटाइमवर, भरतीवर. १९९४ च्या कायद्याने गावोगावी एक लाख पोलीस नेमायची ‘कॉप्स’ योजना आली होती, बुश सरकार तिच्या निधीला कात्री लावू बघत होतं. केरींकडे गेलेल्यांना ते बोचत होतं. उलट ड्युटीवर नसलेल्या आणि निवृत्त पोलिसांना देशभर लपवून हत्यार बाळगू देणारा कायदा ही मोठ्या संघटनेची वर्षानुवर्षांची मागणी, आणि त्यावर बुश यांनी सही केली जुलै २००४ मध्ये, ऐन निवडणुकीच्या हंगामात. पाठिंब्याचं कारण शोधायचंच असेल तर मी आधी तिथे बघेन.

बॉस्टनची गोष्ट तर फॉरवर्डवाल्याला झेपणारच नाही. केरींच्या पक्षाचं अधिवेशन त्यांच्याच शहरात, आणि बॉस्टनच्या शिपायांच्या युनियनचा करार दोन वर्षं लटकलेला. जूनमध्ये शिपाई फलक घेऊन सभागृहाच्या दारात उभे राहिले, आतलं बांधकाम अडलं. महिनाअखेर देशभरचे महापौर बॉस्टनमध्ये जमले होते. तिथलं भाषण केरींनी रद्द केलं, कारण जायचं तर युनियनचं पिकेटिंग, म्हणजे दारातल्या निदर्शकांची रांग, ओलांडावं लागणार होतं. दहशतवादाच्या सावटाखालचं अधिवेशन, आणि बंदोबस्ताला उभं राहायचं तेच दारात पगारासाठी ठाण मांडून बसलेले!

‘केरींचा पक्ष आडवा गेला.’ सिनेटमध्ये ९८ विरुद्ध १. तो एक म्हणजे डेमोक्रॅट सिनेटर रस फाइनगोल्ड. केरींचं मत कायद्याच्या बाजूने पडलं होतं. होमलँड सिक्युरिटी खात्याची कल्पना तर डेमोक्रॅट लीबरमन आधीपासून मांडत होते. बुश यांना ती जून २००२ पर्यंत नको होती. नंतर जे अडलं ते सुरक्षेवरून नाही, नव्या खात्यातल्या सुमारे पावणेदोन लाख कर्मचाऱ्यांच्या युनियन-हक्कांवरून. तरी त्याच मुद्द्यावर जॉर्जियात डेमोक्रॅट सिनेटर मॅक्स क्लेलंड यांच्याविरुद्धच्या निवडणूक-जाहिरातीत ओसामाचा चेहरा झळकला. व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय आणि एक हात गमावलेला माणूस! ते हरले. खात्याचे कर्मचारी-नियम २००५ मध्ये न्यायालयाने अडवले, ते युनियनच्याच दाव्यावरून.

फॉरवर्डमध्ये नसलेली एक गोष्ट. केरींचं अधिवेशन संपून तीन दिवस होत नाहीत तोच, १ ऑगस्टला, न्यूयॉर्क, नेवार्क आणि वॉशिंग्टनमधल्या वित्तसंस्थांसाठी दहशतवादी हल्ल्याचा नारिंगी इशारा जाहीर झाला. माहिती तीन-चार वर्षं जुनी निघाली. बंदोबस्ताला उभे राहिले ते शिपाईच.

राहता राहिलं ‘आपल्याकडचे कधी शिकणार?’ आपल्याकडे १९६६ च्या कायद्याने सरकारच्या परवानगीशिवाय पोलिसाला युनियनमध्ये जाता येत नाही. मुंबईत १९८२ च्या ऑगस्टमध्ये शिपाई रस्त्यावर उतरले तेव्हा लष्कर बोलवावं लागलं होतं. मग नायगावच्या पोलीस वसाहतीतल्या हवालदाराला दहशतवादविरोधी कायद्याबद्दल काय वाटतं, हे या फॉरवर्डवाल्याला कुणी येऊन सांगितलं?