‘कोअर वाढवा, मर्यादा काढा’: हा सल्ला का मानू नये

सामायिक सर्व्हर सांभाळणाऱ्यांना ऐकवला जाणारा एक दावा पुन्हा पुन्हा शेअर होतो. त्याचा आशय असा: क्वेरींवर, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांवर, मर्यादा लावणं हे आळशी ॲडमिनचं काम. हार्डवेअर स्वस्त झालंय, कोअर (प्रोसेसरमधली काम करणारी एककं) आणि मेमरी वाढवा. अगदीच भीती वाटत असेल तर ‘लिमिट १००’ (उत्तरात फार तर १०० ओळी) सक्तीचं करा आणि टाइमआउट (ठरावीक वेळेनंतर क्वेरी थांबवणं) लावा, बास. त्याहून जास्त मर्यादा घातल्या की प्रामाणिक वापरकर्तेच भरडले जातात.

यातल्या शेवटच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. बाकीचे एकेक करून बघू.

‘हार्डवेअर वाढवा.’ एक-एक लाख ओळींची दोन टेबलं घ्या. जॉइनची अट, म्हणजे कोणती ओळ कोणत्या ओळीशी जोडायची हे, लिहायचं राहिलं की डेटाबेस निमूटपणे १,००० कोटी जोड्या तयार करायला बसतो. मशीन दुप्पट केलंत तर वेळ फार तर निम्मा होईल. दोन्ही टेबलं दुप्पट झाली की मात्र काम चौपट. ही शर्यत पैशांनी जिंकता येत नाही. त्यात रांगेचं गणित वेगळंच. एका सर्व्हरच्या साध्या मॉडेलमध्ये सर्व्हर ५० टक्के व्यग्र असताना सरासरी प्रतिसादाला मूळ कामाच्या दुप्पट वेळ लागतो, ९० टक्क्यांवर दहापट आणि ९५ टक्क्यांवर वीसपट. म्हणजे कुणा एकाच्या क्वेरीने भार ५० वरून ९० वर नेला, तर ज्यांनी काहीच वावगं केलेलं नाही त्यांचं काम पाचपट रेंगाळतं.

आणि हार्डवेअरची कमतरता कुणाला नव्हती, तर असंख्य साइटांची वाहतूक सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीला. २ जुलै २०१९ रोजी त्यांच्या फायरवॉलच्या एका नव्या नियमातल्या रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरातला नमुना शोधणाऱ्या सूत्राने) जगभरातल्या सर्व्हरांचे सीपीयू १०० टक्क्यांच्या आसपास नेले आणि जवळजवळ अर्धा तास असंख्य साइट बंद पडल्या. नंतर कंपनीनेच प्रसिद्ध केलेल्या अहवालातला एक तपशील मला सगळ्यात बोलका वाटतो: अशा एक्स्प्रेशनला सीपीयू खाण्यापासून रोखणारं संरक्षण काही आठवड्यांपूर्वी कोडच्या फेररचनेत चुकून निघून गेलं होतं. मशीन होती तितकीच होती. गेली होती ती मर्यादा.

‘लिमिट १०० पुरे.’ नाही. लिमिट उत्तर लहान करतं, काम लहान करेलच असं नाही. योग्य इंडेक्स (ओळी पटकन शोधून देणारी सूची) नसेल तर पहिल्या १०० ओळी ठरवायलाही सगळं टेबल वाचावं लागतं. गूगलच्या बिगक्वेरी या डेटा सेवेमध्ये साध्या, क्लस्टर न केलेल्या (ठरावीक स्तंभांनुसार लावून न ठेवलेल्या) टेबलावर लिमिट लावून बिल कमी होत नाही, कारण पैसे वाचलेल्या बाइट्सचे लागतात. म्हणून तिथे कमाल किती बाइट्सचं बिल चालेल याची वेगळी सेटिंग आहे.

‘टाइमआउट पुरे.’ टाइमआउट हवाच, आणि पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तो मुळात बंदच असतो, हे अनेकांच्या गावीही नसतं. पण तो मोजतो घड्याळ. मेमरी मोजत नाही, डिस्क मोजत नाही. पोस्टग्रेसमधली ‘वर्क मेम’ ही मर्यादा सुद्धा पूर्ण क्वेरीला नसून क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला (ओळी क्रमाने लावणं) किंवा हॅशला (जुळणाऱ्या ओळी शोधण्यासाठी मेमरीत केलेली मांडणी) लागू होते. ती ६४ एमबी ठेवली, क्वेरीत पाच सॉर्ट आले आणि अशा ४० क्वेरी एकदम चालल्या, तर १२ जीबीहून जास्त मेमरी लागू शकते. टाइमआउटची वेळ येण्याआधीच ऑपरेटिंग सिस्टिम प्रोसेस मारायला लागेल. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमधला ‘मॅक्स एक्झिक्युशन टाइम’ हा टाइमआउट तर फक्त डेटा वाचणाऱ्या ‘सिलेक्ट’ क्वेरींवर चालतो.

शिवाय ३० सेकंदांचा टाइमआउट असताना २९ सेकंदांच्या वीस क्वेरी एकदम सोडणाऱ्याने नियम मोडला का? कागदोपत्री नाही. म्हणूनच विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्याच्या सार्वजनिक क्वेरी सेवेत एका क्वेरीला ६० सेकंद आहेतच, पण क्वेरी पाठवणाऱ्या प्रत्येक क्लायंटलाही दर मिनिटाला ६० सेकंदांइतकाच प्रक्रियेचा वेळ ठरवून दिलेला आहे. तो संपला की ‘फार विनंत्या झाल्या’ सांगणारी ४२९ त्रुटी. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा डेटा देणारी ओव्हरपास सेवा त्याही आधी हिशेब मागते: किती वेळ आणि किती मेमरी लागेल हे क्वेरीनेच सुरुवातीला सांगायचं. न सांगितल्यास १८० सेकंद आणि ५१२ एमबी धरले जातात. तेवढी जागा मोकळी नसेल तर क्वेरी आतच घेतली जात नाही. अर्ध्यात मारण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण मारलेल्या क्वेरीवर खर्च झालेला सीपीयू कुणाच्याच कामी आलेला नसतो.

‘प्रामाणिक वापरकर्ते भरडले जातात.’ भरडले जातात, जिथे मर्यादा आंधळी असते तिथे. ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’ असा संदेश दिला की माणूस तीच क्वेरी पुन्हा चालवणार, आणि जुनी सर्व्हरवर अजून चालूच असेल तर भार दुप्पट. कोणती मर्यादा ओलांडली, किती वापर झाला, पुन्हा कधी विचारायचं, हे त्रुटीतच लिहायला हवं. आणि खरोखर मोठं काम असलेल्यांसाठी वेगळी वाट हवी: स्वतंत्र रेप्लिका (डेटाबेसची दुसरी प्रत), कमी प्राधान्याची रांग किंवा विकिडेटा देतं तसे संपूर्ण डेटाचे डंप (उतरवून घेता येणाऱ्या फाइली). ज्याला सगळाच डेटा चाळायचा आहे त्याने डंप उतरवून आपल्या मशीनवर हवा तितका वेळ क्वेरी चालवावी. तिथे त्याला कुणीच अडवणार नाही.