‘एक वाचक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (लांबलंय, इलाज नाही)

‘एक वाचक’ यांस,

मागच्या आठवड्यातल्या अल्झायमरवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं वाचलं. इतरांसाठी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनालाच कारण धरून संशोधक पंचवीस-तीस वर्षं एकाच विहिरीत पोहरा सोडत राहिले, आणि त्या विहिरीला पाणी असल्याची ग्वाही देणाऱ्या मिनेसोटा विद्यापीठातल्या 2006 च्या गाजलेल्या पेपरातली चित्रंच फेरफार केलेली निघाली. तुमचं म्हणणं: एक पेपर खोटा निघाला म्हणून सिद्धांत पडत नाही, जनुकांचा पुरावा त्याआधीचा आहे, लेकानेमॅब हे औषध अमायलॉइड काढूनच गुण देतं, आणि पेपर मागे घेतल्याचं मी दिलेलं साल चुकलंय. इथवर ठीक. मग शेवटचं वाक्य: ‘आपल्या गाढ्या अभ्यासाला नमस्कार, पण ज्यांच्या घरात असा पेशंट नाही त्यांनी नातेवाइकांची आशा मोडू नये.’

साल चुकलं, मान्य. ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकाने प्रकरण बाहेर काढलं जुलै 2022 मध्ये, आणि ज्यात तो छापला होता त्या ‘नेचर’ नियतकालिकातून पेपर मागे घेतला गेला जून 2024 मध्ये. मी दोन्ही एकत्र केलं. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

आता ते वाक्य. ‘आपल्या’ आणि ‘नमस्कार’ या दोन शब्दांनी मराठीत माणसाला किती सभ्यपणे चपराक देता येते हे मला माहीत आहे, मीही सांगलीतच वाढले. पण माझ्या घरात कोण आहे, कोण होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

माझ्या सासूबाई. सात वर्षं. सुरुवात झाली ती चकलीच्या भाजणीपासून. तांदूळ, डाळी, धणे सगळं भाजून झालं, आणि त्यांनी तेच पुन्हा कढईत घातलं. मग पुन्हा. आम्ही हसलो होतो, ते अजून टोचतं. पुढे दाराला वरच्या बाजूला कडी आली, रात्रीच्या पाळ्या आल्या. आणि एक दिवस, लग्न झाल्यापासून मला ‘अगं’ म्हणणाऱ्या बाई ‘अहो’ म्हणाल्या. ‘अहो, तुम्ही कुणाकडच्या? चहा घेऊन जा हं.’ मिळालेल्या आदराचं माणसाला रडू येतं, ते मी तेव्हा अनुभवलं. तुमच्या ‘आपल्या’ने त्याचीच आठवण झाली, एवढंच.

शेजारच्या काकू म्हणाल्या, ॲल्युमिनियममुळे होतं. दुसऱ्याच दिवशी कुकरसकट सगळी भांडी मोडीत घातली. ही समजूत बळावली ती 1965 च्या प्रयोगापासून: सशांच्या मेंदूत ॲल्युमिनियमचे क्षार टोचल्यावर पेशींत प्रथिनांच्या धाग्यांचे गुंते दिसले, अल्झायमरमध्ये दिसतात तसे वाटणारे. ते गुंते अल्झायमरच्या गुंत्यांपेक्षा वेगळे होते, हे मला कळेपर्यंत नवीन कुकरही जुना झाला होता. (लेखातल्या या परिच्छेदाबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. पटला असावा.)

आणि आशा? सोलानेझुमॅब या औषधाच्या बातमीचं कात्रण आमच्या फ्रिजच्या दाराला चिकटवलेलं होतं. तेही अमायलॉइडवरचंच. 2016 च्या नोव्हेंबरात ते मोठ्या चाचणीत फसलं. कात्रण मी काढलं नाही, कारण नवऱ्याला सांगावं लागलं असतं. तेव्हा आशा मोडणं म्हणजे काय, हे मला शिकवायला येऊ नका.

तुमच्या लेकानेमॅबचं म्हणाल तर चाचणीत 1795 लोक, 18 महिने, आणि आजार किती वाढला हे मोजणाऱ्या 18 गुणांच्या मोजपट्टीवर औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्यांत फरक 0.45 चा. त्या मोजपट्टीवर एका पेशंटला देता येणारी लहानात लहान पायरीच अर्ध्या गुणाची असते. त्यातून बातम्यांत आलं ‘ऱ्हास 27 टक्क्यांनी मंदावला’, आणि तेच तुम्ही मला ऐकवता. मेंदूला सूज येते आणि बारीक रक्तस्राव होतात, म्हणून पुन्हा पुन्हा एमआरआय काढत राहावं लागतं, त्याचा उल्लेख तुमच्या प्रतिक्रियेत शोधूनही सापडला नाही. औषध निरुपयोगी आहे असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा. अमायलॉइड भराभर उतरतं आणि आठवण जाणं मात्र तेवढ्या प्रमाणात थांबत नाही, एवढंच लिहिलंय.

राहिली जनुकं. अमायलॉइड ज्यातून तयार होतं त्या प्रथिनाच्या जनुकात 1991 मध्ये लंडनच्या संशोधकांना काही कुटुंबांत सापडलेला बदल, तेच जनुक ज्यावर असतं ते डाउन सिंड्रोममधलं 21 वं जादा गुणसूत्र, सगळं वाचलंय. थेट वारशाने येणारा अल्झायमर एकूण रुग्णांत एक टक्काही नाही. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन, इथे नको, आधीच लांबलंय. 2006 च्या पेपराने सिद्धांत ‘कोसळला’ हा शब्द थोडा जास्त झाला असेल. असू दे, शीर्षक होतं ते.

तुमची प्रतिक्रिया काढून टाकणार नाही, काही वाचकांनी सुचवलं तरी. पुढच्या वेळी नाव लिहून या, म्हणजे मलाही ‘अहो’ म्हणताना कुणाला म्हणतेय ते कळेल. आणि तो शब्द ‘स्मृतिभ्रंश’ असा लिहितात. तुम्ही चारही वेळा ‘ती’ दीर्घ काढली आहे.